जी-२ गटातून षट्कोनी भूमिती कशी उभी करायची: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी पायऱ्या

अपवादात्मक बैजिक गटांवरचं कुठलंही पुस्तक उघडा, पहिल्या पानापासून रूट सिस्टिम, बोरेल उपगट, टोरस यांचा मारा सुरू होतो. भूमिती येते ती दोनशे पानांनंतर, आणि तोवर वाचणाऱ्याचा दम संपलेला असतो. माझं मत असं की नवख्यानं उलट्या बाजूनं यावं. आधी सगळ्यात लहान भूमिती स्वतःच्या हातानं उभी करावी, तिच्यातला प्रत्येक आकडा तपासावा आणि मग सिद्धांत वाचावा. त्या वेळी बोरेल उपगट म्हणजे काय हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

अपवादात्मक कुळं पाच: जी-२, एफ-४, ई-६, ई-७ आणि ई-८. सुरुवात जी-२ पासूनच करा. त्यातून निघणारी भूमिती म्हणजे सामान्यीकृत षट्कोन, आणि तिचा सर्वांत छोटा नमुना फक्त ६३ बिंदू व ६३ रेषांचा आहे. तो साध्या लॅपटॉपवर काही सेकंदांत तयार होतो. खाली तो दोन वेगळ्या वाटांनी बांधलाय. एकाच वाटेनं बांधला तर चूक कुठे झाली ते कळायला मार्ग उरत नाही.

सोबत काय हवं

- सांत क्षेत्रांची ओळख. २, ३ आणि ४ घटकांच्या क्षेत्रांत बेरीज-गुणाकार बिनचूक करता आला पाहिजे. ४ घटकांचं क्षेत्र म्हणजे ४ ने भागून उरणारी बाकी नव्हे, एवढं पक्कं हवं.
- प्रक्षेपी अवकाशाची कल्पना: शून्येतर सदिश, पटीचा फरक सोडून.
- गटाची क्रिया, कक्षा आणि स्थिरक. 'कक्षेचा आकार गुणिले स्थिरकाचा आकार म्हणजे गटाचा आकार' हे एकच सूत्र इथं शंभर वेळा लागतं.
- गॅप ही मोफत संगणक प्रणाली. ग्राफसाठी तिचं ग्रेप पॅकेज, आणि शेवटी पडताळणीला फाइनिंग पॅकेज.
- पायथन येत असेल तर निर्देशकांची वाट त्यात अधिक सोपी पडते.
- एक वही. आकडे आधी वहीत लिहायचे, मग प्रोग्रॅम चालवायचा. हा क्रम मोडू नका.

लिहिण्याची सोय म्हणून क्षेत्रातल्या घटकांची संख्या 'क' म्हणू. क ही मूळ संख्या किंवा तिचा घात असते. आणि क^६ म्हणजे क चा सहावा घात.

१. काय बांधायचं आहे ते आधी नक्की करा

बिंदू आणि रेषा यांचा एक दुभागी ग्राफ काढा: एका बाजूला बिंदू, दुसऱ्या बाजूला रेषा, आणि बिंदू रेषेवर असेल तर दोघांमध्ये जोड. या ग्राफचा व्यास ६ असेल आणि त्यातलं सर्वांत लहान चक्र १२ जोडांचं असेल, तर ती भूमिती सामान्यीकृत षट्कोन होते. १२ जोडांचं चक्र म्हणजे ६ बिंदू आणि ६ रेषांचा साधा षट्कोन. म्हणजेच या भूमितीत त्रिकोण, चौकोन, पंचकोन सापडत नाहीत, आणि कुठलेही दोन घटक घेतले तरी ते एका साध्या षट्कोनात एकत्र बसतात.

प्रत्येक रेषेवर किमान ३ बिंदू आणि प्रत्येक बिंदूतून किमान ३ रेषा हव्यात. ही अट घातली की पर्याय झपाट्यानं कमी होतात. फाइट आणि हिगमन यांनी १९६४ साली सिद्ध केलं की अशा सांत सामान्यीकृत बहुकोनांत बाजूंची संख्या २, ३, ४, ६ किंवा ८ एवढीच असू शकते. ही कल्पना मांडली झाक टिट्स यांनी, १९५९ साली, आणि त्यांचे पहिले षट्कोन जी-२ आणि त्याच्या शेजारच्या ३डी-४ या गटांतूनच आले होते. आजवर माहीत असलेले सगळे सांत षट्कोन त्याच दोन कुळांतले आहेत, किंवा बिंदू-रेषांची अदलाबदल करून त्यांच्यापासून मिळालेले.

आपला षट्कोन एच(क) म्हणू. त्याच्या प्रत्येक रेषेवर क+१ बिंदू आणि प्रत्येक बिंदूतून क+१ रेषा असतात.

२. आकडे वहीत उतरवा

जी-२(क) या गटाचा आकार: क^६ × (क^६ − १) × (क^२ − १).
एच(क) मधले बिंदू: (क^६ − १) भागिले (क − १). रेषाही तितक्याच.

क = २: गट १२,०९६; बिंदू ६३.
क = ३: गट ४२,४५,६९६; बिंदू ३६४.
क = ४: गट २५,१५,९६,८००; बिंदू १,३६५.

क = २ साठी आणखी खोलात जा. कुठलाही एक बिंदू धरा. त्याच्याशी एका रेषेवर असलेले बिंदू ६, त्यांच्या पलीकडचे २४ आणि सर्वांत लांबचे, म्हणजे 'समोरचे', ३२. बेरीज १ + ६ + २४ + ३२ = ६३. क = ३ ला हेच आकडे १, १२, १०८, २४३.

बिंदू आणि त्यावरून जाणारी रेषा अशा जोडीला ध्वज म्हणतात. क = २ ला ध्वज ६३ × ३ = १८९. प्रत्येक ध्वजासमोर बरोबर ६४ ध्वज असतात. आता १८९ × ६४ करून पाहा: १२,०९६. म्हणजे समोरासमोरच्या ध्वजांच्या जेवढ्या क्रमित जोड्या, तेवढेच गटात घटक. कुठलीही एक जोडी कुठल्याही दुसऱ्या जोडीवर नेणारा गटाचा घटक असतो, आणि क = २ ला तो एकच असतो. 'अतिशय सममित' या शब्दांचा नेमका अर्थ हा. क मोठा झाला की अशा प्रत्येक जोडीला (क − १) × (क − १) घटक स्थिर ठेवतात. पुस्तकांतला टोरस तो हाच, क = २ ला तो क्षुल्लक असतो इतकंच.

साधे षट्कोन किती? समोरासमोरच्या ध्वजांची प्रत्येक जोडी एकच षट्कोन ठरवते आणि एका षट्कोनात अशा १२ क्रमित जोड्या असतात. १२,०९६ भागिले १२, म्हणजे १,००८. हा आकडा जपून ठेवा, पाचव्या पायरीला लागेल.

३. पहिली वाट: गटातून

तत्त्व अगदी थोडक्यात सांगता येतं. गटात दोन उपगट शोधा, एक बिंदूचा स्थिरक आणि दुसरा रेषेचा. दोघांचा छेद म्हणजे ध्वजाचा स्थिरक; पुस्तकांतला बोरेल उपगट तो हाच. पहिल्याचे कोसेट (गटाच्या एकेका घटकानं सरकवलेल्या त्या उपगटाच्या प्रती) म्हणजे बिंदू, दुसऱ्याचे कोसेट म्हणजे रेषा, आणि दोन कोसेटांत समाईक घटक असेल तर बिंदू रेषेवर आहे. शेव्हाले यांनी १९५५ साली सगळ्या कुळांसाठी एकाच साच्यातून सांत गट काढून दाखवले, आणि हे दोन उपगट त्या साच्यातून आपोआप बाहेर पडतात. जी-२(२) मध्ये ध्वजाचा स्थिरक ६४ आकाराचा आहे, म्हणजे २-सिलो उपगटच (आकार २ चा घात असलेला सर्वांत मोठा उपगट). बिंदूचा आणि रेषेचा स्थिरक प्रत्येकी १९२ आकाराचे.

इथं पहिला सापळा. बहुतेक जी-२(क) सरल गट (ज्यांचे आणखी छोट्या गटांत तुकडे पडत नाहीत असे) आहेत, पण जी-२(२) नाही. त्याच्या आत निम्म्या आकाराचा, ६,०४८ चा, एक सरल गट बसलाय. हा गट म्हणजे ९ घटकांच्या क्षेत्रावरचा त्रिमितीय एकात्मक गट. साहित्यात तो यू-३(३) नावानं भेटतो. संगणकाकडे 'जी-२ चा सरल गट, क = २' असं मागितलं तर नकार मिळेल किंवा हा छोटा गट हाती पडेल. घाबरू नका, छोट्या गटानंही काम होतं, कारण तोही सगळे ध्वज एकमेकांवर नेतो. फक्त सगळे आकार निम्मे धरा: ३२, ९६, ९६.

गॅपमध्ये कृती अशी. यू-३(३) हा २८ बिंदूंवरचा क्रमपर्यय-गट म्हणून घ्या. त्याचा २-सिलो उपगट काढा, आकार ३२ यायला हवा. मग महत्तम उपगटांचे वर्ग मागा. चार वर्ग येतील, त्यांतल्या दोन वर्गांचे उपगट ९६ आकाराचे असतील. प्रत्येक वर्गातून नेमका तो उपगट निवडा ज्यात तुमचा सिलो उपगट पूर्ण सामावलाय. प्रत्येक वर्गात असा एकच असतो.

'प्रत्येक वर्गातून एक' असं वाचून कुठलाही एक उचलायचा मोह होतो. तसं केलंत तर दोघांचा छेद ३२ चा येईलच असं नाही. लहान आला की पुढची सगळी भूमिती बिघडते, आणि प्रोग्रॅम मात्र एकही तक्रार करत नाही. म्हणून छेदाचा आकार छापून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता पहिल्या उपगटाच्या ६३ कोसेटांवर गटाची क्रिया बसवा. आधारबिंदूवर दुसरा उपगट चालवा. त्याची कक्षा ३ बिंदूंची येईल. ही पहिली रेषा. हे त्रिकूट पूर्ण गटानं फिरवलं की ६३ त्रिकुटं मिळतात. ६३ पेक्षा वेगळा आकडा आला तर मागे जा आणि छेद पुन्हा पाहा.

गटाची प्रणाली अजिबात नको असेल तर हाच गट उघड दिसणारी एक देखणी रचना आहे. ९ घटकांच्या क्षेत्रावरच्या प्रक्षेपी प्रतलात ९१ बिंदू असतात. तीनही निर्देशकांच्या चौथ्या घातांची बेरीज शून्य असलेले बिंदू २८, उरले ६३. हे ६३ आपले बिंदू. त्यांतले तीन बिंदू हर्मिशियन रूपानं एकमेकांना लंब असले (एकाचे निर्देशक गुणिले दुसऱ्याच्या निर्देशकांचे घन, यांची बेरीज शून्य) की ते त्रिकूट म्हणजे रेषा. अशी त्रिकुटंही ६३ भरतात आणि प्रत्येक बिंदू तीन त्रिकुटांत येतो. एका दुपारी कागदावर निम्मी तरी मांडता येतील.

४. दुसरी वाट: निर्देशकांतून

माझ्या मते खरी मजा इथं आहे. सात निर्देशक घ्या: य०, य१, … य६. त्यांच्या प्रक्षेपी अवकाशात हे द्विघाती पृष्ठ पाहा:

य०·य४ + य१·य५ + य२·य६ = य३·य३

या पृष्ठावरचे सगळे बिंदू म्हणजे आपले बिंदू. क = २ ला १२७ शून्येतर सदिशांपैकी ६३ या समीकरणात बसतात.

रेषा मात्र सगळ्या घ्यायच्या नाहीत. क = २ ला या पृष्ठावर ३१५ रेषा पूर्णपणे पडलेल्या आहेत; त्यांतल्या फक्त ६३ हव्यात. त्या निवडायची रीत टिट्स यांची. रेषेवरचे दोन बिंदू य आणि र घेऊन ग्रासमान निर्देशक काढा: गअब = यअ·रब − यब·रअ. मग या सहा अटी लावा:

ग१२ = ग३४
ग५४ = ग३२
ग२० = ग३५
ग६५ = ग३०
ग०१ = ग३६
ग४६ = ग३१

एक बिंदू जवळून पाहू: (१,०,०,०,०,०,०). इथं फक्त ग०१, ग०२, … ग०६ शिल्लक राहतात आणि ते म्हणजे थेट र१, र२, … र६. तिसरी अट र२ शून्य करते, चौथी र३ आणि पाचवी र१. रेषा पृष्ठावर असायची असेल तर र४ ही शून्य. उरले र५ आणि र६, मोकळे. क = २ ला या बिंदूतून जाणाऱ्या तीन रेषांवरचे इतर बिंदू असे:

पहिली: ०००००१० आणि १००००१०
दुसरी: ००००००१ आणि १०००००१
तिसरी: ०००००११ आणि १००००११

तिन्ही रेषा एकाच प्रतलात आहेत, आणि हे प्रत्येक बिंदूपाशी असंच घडतं. एच(क) ची ही ओळखखूण आहे. सहाव्या पायरीला पुन्हा तिच्याकडे येऊ.

मागे वळून वरचं वाक्य वाचा: 'रेषा पृष्ठावर असायची असेल तर र४ शून्य'. सहा अटींनी र४ ला हात लावलेला नाही! म्हणून (०,०,०,०,१,०,०) हा बिंदू पृष्ठावर आहे, सहाही अटी पाळतो, आणि तरी त्याला (१,०,०,०,०,०,०) शी जोडणारी रेषा पृष्ठावर नाही. क = २ ला या एका बिंदूभोवती असे ४ खोटे शेजारी जमतात आणि ६ ऐवजी १० दिसतात. उपाय सोपा. सहा अटींआधी ही सातवी तपासा:

य०·र४ + य४·र० + य१·र५ + य५·र१ + य२·र६ + य६·र२ = २·य३·र३

आता चिन्हांबद्दल. क = २ ला अधिक आणि उणे एकच, त्यामुळे सहा अटींत एखादं चिन्ह किंवा अंकांचा क्रम उलटा पडला तरी ६३ रेषा बिनबोभाट येतात. क = ३ ला तोच प्रोग्रॅम कोसळतो. याची परीक्षा घ्यायला (१,०,०,१,१,०,०) हा बिंदू उत्तम. अटी बरोबर असतील तर त्याच्या शेजाऱ्यांत (०, अ, ब, ०, ०, −ब, अ) या रूपाचे सगळे बिंदू येतात आणि क = ३ ला चार रेषा भरतात. तिसऱ्या अटीत एक चिन्ह उलटं करून पाहा: ब ला शून्य व्हावंच लागतं आणि चारांपैकी एकच रेषा उरते.

क = ३ ला पृष्ठावर एकूण ३,६४० रेषा आहेत, त्यांतून ३६४ निवडल्या जायला हव्यात. शेजारी बिंदूंच्या जोड्या मोजत असाल तर क = २ ला १८९, क = ३ ला २,१८४ आणि क = ४ ला १३,६५०. जोड्या आधी जुळवा, रेषा नंतर.

या सहा अटी आभाळातून पडलेल्या नाहीत. जी-२ म्हणजे ऑक्टोनियनांच्या, म्हणजे आठ मितींच्या संख्यांच्या, बीजगणिताचा सममिती-गट, हे कार्तां यांच्यापासून माहीत आहे. सांत क्षेत्रावरचे ऑक्टोनियन घ्या, त्यांतले ज्यांचा ट्रेस शून्य आहे ते सात मितींचं अवकाश बनवतात, आणि आपले सात निर्देशक तेच. ज्यांचा मानक शून्य आहे ते बिंदू. ज्या द्विमितीय उपअवकाशात कुठल्याही दोघांचा गुणाकार शून्य येतो, ती रेषा. सहा अटी, सातवीसकट, म्हणजे 'गुणाकार शून्य' हेच वाक्य निर्देशकांत लिहिलेलं. मग गट भूमिती का जपतो, हा प्रश्नच उरत नाही. जो गुणाकार जपतो तो शून्य गुणाकारही जपणारच.

५. तपासणी

एवढ्या पायऱ्यांवर 'आकडा ६३ आला, झालं' म्हणून थांबायची घाई होते. थांबू नका. प्रत्येक बिंदूतून ३ रेषा आणि प्रत्येक रेषेवर ३ बिंदू असलेल्या ६३-६३ च्या रचना ढिगानं बनवता येतात, त्या षट्कोन नसतात.

१२६ शिरोबिंदूंचा दुभागी ग्राफ करा. व्यास ६ आणि सर्वांत लहान चक्र १२ आलंच पाहिजे. १२ जोडांची चक्रं मोजा: १,००८. ग्राफचा सममिती-गट काढा: १२,०९६. हा ग्राफ ग्राफसिद्धांतात स्वतंत्रपणे प्रसिद्ध आहे, टट यांचा १२-केज म्हणून. प्रत्येक शिरोबिंदूला ३ जोड आणि १२ पेक्षा लहान चक्र नाही, अशा ग्राफांत तो सर्वांत लहान, आणि तसा एकमेव.

गटाचं पॅकेज हाताशी नसेल तर आयगेन मूल्यं पाहा. फक्त ६३ बिंदूंचा ग्राफ घ्या, एका रेषेवरचे बिंदू जोडा. मूल्यं येतील ६, ३, −१, −३, आणि ती अनुक्रमे १, २१, २७ आणि १४ वेळा. यातला एक आकडा जरी हलला तरी रचना चुकलीय.

फाइनिंग पॅकेजात हा षट्कोन तयार मिळतो. तो शेवटी तुलनेसाठी वापरा. सुरुवातीलाच वापरलात तर हातात वस्तू येईल, समज येणार नाही. क सम असताना तुम्हाला कुठेकुठे सातऐवजी सहा निर्देशक दिसतील. त्यात काही गोलमाल नाही: सम क ला य३ इतर सहांवरून ठरतो, म्हणून तो गाळता येतो. मात्र सहा अटी लावायच्या असतील तर तो आधी परत भरावा लागतो, कारण प्रत्येक अटीत ३ हा अंक आहे.

६. बिंदू कोणते आणि रेषा कोणत्या

क = २ ला सर्वांत जास्त लोक अडखळतात ते इथं. प्रत्येक रेषेवर ३ बिंदू आणि प्रत्येक बिंदूतून ३ रेषा असलेले सामान्यीकृत षट्कोन बरोबर दोन आहेत. कोहेन आणि टिट्स यांनी हे १९८५ साली सिद्ध केलं. एक एच(२), दुसरा त्याचा द्वैत, म्हणजे बिंदूंना रेषा आणि रेषांना बिंदू म्हटलं की मिळणारा. हे दोन समरूप नाहीत.

तिसऱ्या पायरीत ९६ आकाराच्या दोन उपगटांपैकी तुम्ही कुठल्याला 'बिंदू' म्हटलंत? गटाला त्याचं सोयरसुतक नाही. म्हणून दोन वाटांनी बांधलेल्या भूमिती समरूप आहेत का हे तपासताना दुभागी ग्राफ नुसता देऊ नका. बिंदूंना एक रंग आणि रेषांना दुसरा रंग देऊनच द्या. रंग न देता दिलात तर उत्तर नेहमी 'समरूप' असंच येईल, कारण एच(२) आणि त्याचा द्वैत यांचा ग्राफ तोच आहे, फक्त बाजू बदललेल्या.

तुलनेला दुसरी भूमिती नसेल तरी एक चाचणी आहे. एक बिंदू प धरा. त्याच्यासमोरचा कुठलाही बिंदू स घ्या. प मधून जाणाऱ्या तिन्ही रेषांवर स ला सर्वांत जवळचा एकेक बिंदू असतो. त्या तिघांचं त्रिकूट लिहून ठेवा. स ला ३२ ही जागी फिरवा आणि वेगळी त्रिकुटं किती मिळाली ते मोजा.

एच(२) मध्ये चारच मिळतात, प्रत्येक ८ वेळा. कारण चौथ्या पायरीत दिसलं तेच: प भोवतीच्या सगळ्या रेषा एका प्रतलात आहेत, त्या प्रतलात ७ बिंदू आणि ७ रेषा, त्यांतल्या प मधून न जाणाऱ्या ४. त्रिकुटं म्हणजे या चार रेषा. प = १०००००० घेतला तर त्यातलं एक त्रिकूट ०००००१०, ००००००१, ०००००११. द्वैतामध्ये चारपेक्षा जास्त त्रिकुटं निघतात. मागे सांगितलेल्या लंब त्रिकुटांच्या रचनेवर ही चाचणी चालवून पाहा. ती एच(२) आहे की द्वैत, हे तिच्याकडूनच काढून घ्या.

७. क = ३ आणि क = ४ ला काय बदलतं

क = ३ ला आणखी एक वळण. एच(क) आणि त्याचा द्वैत समरूप असतात ते फक्त क हा ३ चा घात असताना. त्यामुळे क = ३ ला ७२८ शिरोबिंदूंच्या दुभागी ग्राफचा सममिती-गट ४२,४५,६९६ च्या दुप्पट येतो, ८४,९१,३९२. आकडा दुप्पट दिसला की लोक प्रोग्रॅम तपासत बसतात. चूक नाही ती; बिंदू आणि रेषांची अदलाबदल करणारी सममिती ग्राफनं मोजली आहे. रंग दिलेत की पुन्हा ४२,४५,६९६.

या अदलाबदलींत काही अशा आहेत की दोनदा केल्या की सगळं जागच्या जागी येतं. ३ च्या विषम घातांनाच हे शक्य होतं. अशी एक अदलाबदल घ्या आणि जे बिंदू आपल्याच प्रतिमा-रेषेवर पडतात ते वेचा: क^३ + १ बिंदू, क = ३ ला २८, आणि कुठलेही दोन एकमेकांसमोर. त्यांना जपणारा गट हा री यांच्या कुळातला; क = ३ ला त्याचा आकार १,५१२.

क = ४ ला अंकगणित सोडून विशेष काही नाही. सममिती-गट जी-२(४) च्या दुप्पट, ५०,३१,९३,६०० येतो. हे दुपटीकरण क्षेत्राच्या सममितीमुळे, द्वैतामुळे नव्हे. प्रोग्रॅम मंद वाटला तर ९,३०,९३० जोड्या तपासत बसू नका. एकाच बिंदूच्या रेषा काढा आणि गटानं फिरवा.

८. जी-२ नंतर कुठे

पुढची उडी थेट ई-८ वर मारू नका. क = २ लाच तिथल्या भूमितीत बिंदूंची संख्या १८ अंकी असते आणि गटाचा आकार ७५ अंकी. यादी करणं हा पर्यायच नाही.

त्याआधी दोन थांबे चांगले आहेत. पहिला, त्रिगुण-वळणाचा गट ३डी-४. त्याच्या षट्कोनात क = २ ला ८१९ बिंदू आणि २,४५७ रेषा, प्रत्येक रेषेवर ३ बिंदू आणि प्रत्येक बिंदूतून ९ रेषा. एच(२) चा द्वैत किंवा एच(२) यांपैकी एक याच्या पोटात उपभूमिती म्हणून बसतो, आणि सहाव्या पायरीची चाचणी इथं लगेच उपयोगी पडते. दुसरा, एफ-४ च्या वळणातून येणारा री–टिट्स अष्टकोन: १,७५५ बिंदू, २,९२५ रेषा, रेषेवर ३ बिंदू, बिंदूतून ५ रेषा. सांत अष्टकोनांचं माहीत असलेलं हे एकच कुळ. क = २ चा सापळा इथंही तसाच आहे: ३,५९,४२,४०० आकाराचा गट सरल नाही, त्याच्या आतला १,७९,७१,२०० चा टिट्स गट सरल आहे.

मग ई-६. तिथं २७ मितींच्या अवकाशात क = २ ला १,३९,५०३ बिंदू मिळतात आणि कुठल्याही दोन वेगळ्या बिंदूंमध्ये दोनच नाती शक्य असतात: एका रेषेवर असणं किंवा नसणं. यादी अजून मेमरीत मावते, पण जोड्या साठवू नका. आधारबिंदूच्या शेजाऱ्यांची यादी आणि गटाचे जनक एवढंच ठेवा, बाकी लागेल तसं काढा.